उलांडी कोणत्या अंगाला? देवगड ते आचरा या टप्प्यातील एका घरगुती बांधणीच्या प्रोआचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात देवगडहून आचऱ्याकडे निघालेली, कोल्हापुरात बांधलेली सव्वासात मीटर लांबीची एक प्रोआ जातीची शीडनौका मिठबावसमोरच्या समुद्रात भलत्या बाजूने आलेल्या वाऱ्यात सापडली आणि काही क्षण उलटण्याच्या बेतात आली. नौकेवर दोघे होते: कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत स्वतःची लेथ चालवणारे पन्नाशीचे मामा आणि अभियांत्रिकी शिकणारा त्यांचा भाचा. दोघांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे होती, समुद्र शांत होता, किनारा तीन-चार किलोमीटरवर होता आणि कोणालाही इजा झाली नाही. बांधणीच्या वेळची आकडेमोड मी केली असल्यामुळे आणि प्रसंगानंतर दोघांशी सविस्तर बोलणे झाल्यामुळे त्या सकाळचा क्रम मला नीट मांडता येतो. तो मांडण्याचे कारण असे की, नौकेचे काहीही मोडले नव्हते आणि वाराही कोकणच्या किनाऱ्यावर त्या ऋतूत रोज जसा वागतो तसाच वागला होता. अडचण या दोहोंच्या जोडीतून निर्माण झाली.

नौका

प्रोआ ही प्रशांत महासागरातील मायक्रोनेशियाच्या बेटांवर घडलेली नौका आहे. एक लांब, अरुंद मुख्य नाव, तिच्या एका बाजूला आडव्या वाशांवर बांधलेली लहान उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा तरंगता ओंडका, आणि मधल्या जागेत मचाण, अशी तिची रचना असते. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या उलांडीच्या होडीशी तिचे साम्य पाहताक्षणी जाणवते, पण चालवण्याची रीत मात्र अगदी वेगळी आहे. आपल्या होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, ठरलेली असते. वारा कधी उलांडीच्या बाजूने येतो, कधी दुसऱ्या बाजूने, आणि होडी दोन्ही प्रकारे चालते. प्रोआची उलांडी नेहमी वाऱ्याकडच्या बाजूलाच ठेवावी लागते. त्यासाठी नौकेची दोन्ही टोके सारखी बांधलेली असतात. दिशा बदलायची झाली की नौका वाऱ्याला आडवी करतात, शीड सैल सोडतात, परभाणाचे, म्हणजे शीड ज्याला बांधलेले असते त्या वरच्या वाशाचे, खालचे टोक नौकेच्या एका टोकाकडून उचलून दुसऱ्या टोकाला नेतात, सुकाणू-वल्हेही हलवतात आणि आतापर्यंत मागे असलेले टोक पुढे करून निघतात. या क्रियेला या लेखात मी टोकबदल म्हणतो. श्रीलंकेतील ओरू ही मच्छीमारांची उलांडीची नौकाही टोकबदल करूनच चालते, त्यामुळे ही कल्पना आपल्या समुद्रांना सर्वस्वी परकी आहे असे नाही.

या रचनेचा फायदा मोठा आहे. उलांडी वाऱ्याकडे असल्यामुळे ती बुडून नौकेला आधार देत नाही, स्वतःच्या वजनाने आधार देते. म्हणून ती बारीक आणि हलकी ठेवता येते, आणि तेवढीच नौका वेगवान होते. १७४२ मध्ये जॉर्ज अॅन्सनच्या ब्रिटिश आरमारी मोहिमेने मारियाना बेटांपैकी टिनियन येथे अशी एक नौका पाहिली आणि तिची मोजमापे घेऊन रेखाटन केले. तेव्हापासून युरोपातील नौकाबांधकांना या रचनेचे आकर्षण आहे. आकर्षण रास्त आहे. थोड्या साहित्यात आणि थोड्या पैशांत एवढी लांब, एवढी चपळ नौका दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने बांधता येत नाही, असे माझे मत बांधणी पाहून अधिकच पक्के झाले.

कोल्हापुरात बांधायची आणि घाट उतरून समुद्राला न्यायची म्हणजे वाहतुकीचा विचार पहिल्या रेघेपासून करावा लागतो. मुख्य नाव तीन तुकड्यांत केली. प्रत्येक तुकडा सुमारे २.४ मीटरचा, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या आठ फुटी प्लायवूडच्या तावाएवढा; त्यामुळे ताव एकमेकांना लांबीत जोडण्याचे अवघड काम वाचले. तुकड्यांच्या तोंडांना जलरोधक आडभिंती आहेत आणि त्या बोल्टांनी एकमेकींना आवळल्या जातात. एखादा तुकडा फुटला तरी उरलेले दोन तरंगतात. प्लायवूड सहा मिलिमीटरचे, आयएस ७१० या सागरी प्लायवूडच्या भारतीय मानकाचे, टिंबर मार्केटमधून निवडून घेतलेले. हे प्लायवूड आपल्याकडे मुख्यतः स्वयंपाकघरातील फर्निचरसाठी खपते आणि त्याची डिंकजोडणी उकळत्या पाण्याच्या ७२ तासांच्या चाचणीला उतरावी लागते; तरीही आतल्या थरांत पोकळी राहिलेली असू शकते, म्हणून प्रत्येक ताव उजेडासमोर आडवा धरून आणि टकटक वाजवून घेतला. सांधे तांब्याच्या तारेने शिवून त्यांवर इपॉक्सी आणि काचतंतूंचे कापड चढवले. परभाण आणि खालचा वासा माणग्याचा आहे. सिंधुदुर्गात आणि कोल्हापूरच्या घाटपट्ट्यात होणारा हा बांबू जवळजवळ भरीव असतो. वजनाला थोडा जास्त, पण वाकून परत सरळ होण्यात पक्का. खेकड्याच्या नांगीच्या आकाराचे दहा चौरस मीटरचे शीड तंबू शिवणाऱ्या एका कारागिराने जाड ताडपत्रीतून शिवून दिले, आणि त्याच्या शिवणीत आजवर एक टाका उसवलेला नाही.

उलांडीचे वजन ४५ किलो, तिचे एकूण आकारमान ९० लिटर, मुख्य नावेच्या मध्यरेषेपासून तिचे अंतर २.४ मीटर. हे तीन आकडे पुढे लागणार आहेत.

सराव आणि त्याची मर्यादा

सराव कोल्हापूरजवळच्या एका तलावावर, रीतसर परवानगी घेऊन झाला. टोकबदल दोघांना इतका अंगवळणी पडला होता की, किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला तो सहज वाटावा. पण तलावावर जाणे होई ते दुपारी काम आटोपल्यावर, आणि त्या वेळी वारा पश्चिमेकडून एकदा सुरू झाला की अंधार पडेपर्यंत तिकडूनच वाही. नौकेने दिशा बदलली, असा अनुभव दोघांनी शेकडो वेळा घेतला. वाऱ्याने बाजू बदलली, हा अनुभव त्या पाण्यावर मिळणारच नव्हता.

वारा

प्रोआ जिथे जन्मली तिथे व्यापारी वारे दिवसेंदिवस एकाच दिशेने वाहतात. वाऱ्याकडची बाजू ही तिथे नकाशावरच्या बेटाइतकी स्थिर गोष्ट असते. कोकणात पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंतचा बहुतेक काळ खारे आणि मतलई वारे आलटून पालटून येतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड होते आणि पहाटे पूर्वेकडून, जमिनीकडून मतलई वाहतो. सूर्य वर आला की तो मंदावतो, मध्ये काही वेळ हवा पडते, आणि जमीन तापल्यावर पश्चिमेकडून, पुढे वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत वाढत जातो. शाळेच्या भूगोलात हे सर्वांनी वाचलेले असते. प्रोआच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, ते मात्र कागदावर मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही.

देवगडहून दक्षिणेला आचऱ्याकडे जाणारी नौका घ्या. सकाळी वारा पूर्वेचा, म्हणजे डाव्या हाताचा, उलांडी डावीकडे. दुपारी वारा पश्चिमेचा, म्हणजे उजव्या हाताचा. उलांडी उजवीकडे हवी. जायचे मात्र दोन्ही वेळी दक्षिणेलाच. उलांडी डावीकडून उजवीकडे नेण्याचा एकच मार्ग आहे: नौका जागच्या जागी अर्धा फेरा फिरवायची, आणि सकाळी मागे असलेले टोक पुढे करून त्याच दिशेने निघायचे. म्हणजे ज्या प्रवासात मार्गाला एकही वळण नाही, त्यातसुद्धा प्रोआला दिवसातून एकदा स्वतःला फिरवून घ्यावेच लागते, आणि ते वारा येण्यापूर्वी करावे लागते. उलांडीच्या होडीवर मासेमारी करणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही, कारण त्यांची उलांडी दोन्ही बाजूंच्या वाऱ्याला पुरेल इतकी जाड आणि तरंगणारी असते. किनाऱ्यालगतचे काम आणि रोज बाजू बदलणारा वारा यांना ठरलेल्या नाळेची होडी अधिक सोयीची आहे, असे मला वाटते, आणि कोकणात तीच का टिकली याचे निदान एक कारण यात असावे.

ती सकाळ

त्या दिवशी तिथी वद्य तृतीया होती. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सव्वादोन देतो. तो मुंबईच्या भरतीचा आहे आणि दक्षिणेकडे भरती थोडी लवकर येते, म्हणून आचऱ्याच्या खाडीत एक-दीडच्या सुमारास, चढत्या पाण्यावर शिरायचे असे ठरले होते. खाडीच्या मुखाशी वाळूची दांडी आहे, आणि ओहोटीच्या पाण्याला समोरून खारा वारा भिडला की तिथे लाटा फुटतात, त्यामुळे वेळेचा हा हिशेब योग्यच होता. बंदरात आणि सागरी पोलीस ठाण्यात निघण्याची कल्पना दिलेली होती, हवामानाचा अंदाज पाहिलेला होता, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दोन्ही फोनांत होता आणि फोन जलरोधक पिशव्यांत होते.

देवगड बंदर सहाला सोडायचे होते. तुकडे जोडणे, बोल्ट आवळणे आणि सामान बांधणे यांत आठ वाजले. मतलईवर नौका छान चालली. कुणकेश्वर डाव्या हाताला मागे पडले. साडेदहाच्या सुमारास, मिठबावसमोर, हवा पडली. शीड चढवलेलेच राहिले आणि सैल लोंबू लागले. मामा सुकाणू-वल्ह्यापाशी होते. भाचा सकाळपासून जिथे बसला होता तिथेच, मचाणाच्या मध्यावर, उलांडीकडे तोंड करून होता. पंधरा-वीस मिनिटे नौका जवळजवळ स्थिर होती. नौका फिरवून घेण्यासाठी याहून चांगली वेळ दिवसभरात दुसरी नव्हती.

अकराच्या सुमारास पश्चिमेला पाण्यावर काळसर पट्टा दिसला. भाचा म्हणाला, "मामा, वारा येतोय, बघा." मामांनी टोकबदलाची तयारी करण्यासाठी नौका वाऱ्याला आडवी धरायचा प्रयत्न केला. ती आडवी होतीच, पण उलटी: वारा पश्चिमेकडून येत होता आणि उलांडी पूर्वेला होती. पट्टा पोहोचताच शीड मागे दबून डोलकाठीवर चिकटले आणि उलांडी पाण्याखाली जाऊ लागली.

मामांनी शिडाची दोरी सोडली. शीड योग्य बाजूने भरलेले असताना हा हुकमी उपाय आहे. दोरी सुटली की शीड फडफडते आणि जोर जातो. शीड डोलकाठीवर दाबले गेले असताना दोरी सोडून काहीच घडत नाही, कारण त्याला धरून ठेवणारी वस्तू दोरी नसते, डोलकाठी असते. डोलकाठीला आधार देणारा मुख्य दोर उलांडीकडून येतो. तो सैल पडला आणि डोलकाठी उलांडीच्या बाजूला झुकली. तिचा पाय खोलगट बैठकीत सैल ठेवलेला होता म्हणून ती मोडली नाही.

यानंतर जे घडले त्याने नौका वाचली. मामांनी ओरडून सांगितले, "इकडे ये, नावेत ये!" भाचा मचाणावरून रांगत मुख्य नावेत आला. उलांडी वर आली. मग त्याने शीड चढवण्याचा दोर खुंटीवरून सोडला, परभाण अर्धे पाण्यात, अर्धे मचाणावर पडले, आणि दोघांनी वल्ह्यांनी नौका फिरवून उलांडी पश्चिमेकडे आणली. शीड आवरून पुन्हा चढवायला वेळ लागला, पण त्यानंतर नौका योग्य टोक पुढे करून निघाली आणि चढत्या पाण्यावरच आचऱ्याच्या खाडीत शिरली.

हिशेब

भाच्याची जागा बदलल्याने एवढा फरक का पडला, हे आकड्यांतून स्पष्ट दिसते, आणि या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट मला तीच वाटते.

वारा योग्य बाजूने असताना नौकेला सरळ ठेवणारा जोर दोन गोष्टींतून येतो. उलांडीचे ४५ किलो २.४ मीटरवर, म्हणजे १०८ किलोग्रॅम-मीटर. आणि मचाणाच्या मध्यावर, १.२ मीटरवर बसलेला ६५ किलोचा माणूस, म्हणजे ७८. एकूण १८६. दहा चौरस मीटरच्या शिडावर, त्याचा मध्य पाण्यापासून २.८ मीटर उंच धरला तर, १२ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात उलटवणारा जोर ढोबळमानाने ७९ भरतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १८ नॉटला तो १७७ च्या आसपास जातो. तात्पर्य, माणूस मचाणावर असेल तर ही नौका १८ नॉटपर्यंत जेमतेम तग धरते, आणि त्याच्या बऱ्याच आधी शीड कमी करायला हवे.

वारा भलत्या बाजूने आला की सगळी चिन्हे उलटतात. आता उलांडीचे वजन कामाचे नाही. ती बुडताना पाण्याकडून मिळणारा आधार कामाचा. आकारमान ९० लिटर, त्यातले ४५ लिटर तिचे स्वतःचे वजन पेलण्यात गेले. उरलेला आधार ४५ किलोचा, म्हणजे २.४ मीटरवर १०८ किलोग्रॅम-मीटर. मचाणावरचा माणूस आता मदत करत नाही, तो उलांडीला खाली दाबतो. त्याचे ७८ यातून वजा करावे लागतात. उरले ३०. खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक साधारण आठ नॉटची असावी. तिचा जोर ३५ होतो. ३० विरुद्ध ३५: उलांडी बुडणारच होती. माणूस मुख्य नावेत येताच ३० चे पुन्हा १०८ झाले आणि उलांडी वर आली. वारा १२ नॉटचा असता तरी, भाचा नावेत असता तर, ७९ विरुद्ध १०८ या हिशेबाने नौका टिकली असती.

एरवी वारा वाढला की उलांडीकडे सरकायचे, हे प्रोआवर बसणाऱ्याच्या शरीरात मुरते. याच सवयीने भलत्या वाऱ्यात नौका उलटू शकते. मामांच्या तोंडून त्या क्षणी बरोबर सूचना निघाली, कारण उलांडी बुडताना त्यांना समोर दिसत होती. पाठीमागून पाहणाऱ्याला किंवा अंधारात ती सुचली असतीच, असे धरून चालता येणार नाही.

विचारात घेतलेले पर्याय

परत आल्यावर उद्यमनगरातल्या शेडमध्ये तीन मार्गांवर चर्चा झाली. नौकेला कायमची नाळ ठरवून ती आपल्या होडीसारखी दोन्ही बाजूंच्या वाऱ्याला चालवावी, हा एक. त्यासाठी उलांडी जवळजवळ दुप्पट करावी लागली असती, शिडाची रचनाही बदलावी लागली असती. भाच्याने उलांडी कायम वाऱ्याखाली ठेवणाऱ्या अटलांटिक पद्धतीच्या प्रोआचा विषय काढला. १९६८ च्या अटलांटिकपार एकट्याने करायच्या शर्यतीत टॉम फॉलेट यांनी डिक न्यूइक यांनी रचलेली ‘चिअर्स’ ही अशी नौका चालवून तिसरा क्रमांक मिळवला होता. पण तिलाही वाऱ्याची एकच बाजू मानवते, त्यामुळे कोकणातला मूळ प्रश्न तसाच राहतो. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

तिसरा मार्ग निवडला गेला: प्रोआ प्रोआच ठेवायची, पण भलत्या वाऱ्याला ती काही मिनिटे निश्चिंत सोसू शकेल एवढी सक्षम करायची. उलांडीच्या वरच्या अंगाला पातळ प्लायवूडचा बंद कप्पा चढवून आकारमान १५० लिटरवर नेले. वजन सात किलोंनी वाढले. नव्या हिशेबाने उरणारा आधार ९८ किलोचा, म्हणजे २३५ किलोग्रॅम-मीटर; माणूस मचाणावर अडकून पडला तरी १५७ उरतात, आणि १२ नॉटचे ७९ त्यात आरामात बसतात. कप्पा पाण्याच्या रेषेच्या वर असल्यामुळे नेहमीच्या चालीत तो पाण्याला लागत नाही आणि वेग घटत नाही. मुख्य नावेच्या वाऱ्याखालच्या बाजूने डोलकाठीला एक हलका आधारदोर दिला, जो एरवी सैल असतो आणि डोलकाठी उलांडीकडे झुकू लागली तरच ताणला जातो. शीड चढवण्याच्या दोराची खुंटी सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी, दोन्ही टोकांकडून गाठता येईल अशा मध्याजवळच्या जागी आणली.

एक प्रश्न मोकळा आहे आणि तो मला साधा वाटत नाही. दुपारी वारा वायव्येकडे झुकला की दक्षिणेला जाणाऱ्या नौकेला तो उजव्या हाताने पण बराच मागून मिळतो. सुकाणू थोडे ढळून वारा पाठीमागून पलीकडच्या बाजूला गेला, तर पुन्हा तीच उलटी स्थिती, आणि ती आठ नॉटच्या झुळुकीत नव्हे तर भर दुपारच्या वाऱ्यात. यावर सध्याचा उपाय म्हणजे नेम किनाऱ्यापासून थोडा बाहेर धरून वारा अधिक आडवा घ्यायचा आणि अंतर वाढले तरी चालवून घ्यायचे. किनाऱ्याकडे परतण्यासाठी मग टोकबदल करावा लागतो आणि लाटा अंगावर घ्याव्या लागतात. उंच लाटांत हा टोकबदल दोघांना किती झेपेल, हे पाहण्यासाठी मालवणच्या आश्रयातून, सोबत ओळखीच्या तांडेलांची यांत्रिक होडी ठेवून सराव करायचे ठरले आहे.

पुढचे टप्पे

मालवण ते निवती आणि निवती ते वेंगुर्ले हे टप्पे नव्या वेळापत्रकाने आखले आहेत. तुकडे आदल्या संध्याकाळीच जोडायचे. निघणे पहाटे, मतलई असतानाच. मतलई मंदावला की, काळा पट्टा दिसो वा न दिसो, शीड पूर्ण उतरवायचे, वल्ह्यांनी नौका फिरवून उलांडी समुद्राकडे करायची, आणि मगच डबा उघडायचा. शीड पुन्हा चढवायचे ते वारा अंगाला लागल्यावर. हवा पडलेली असताना दोघांनीही मुख्य नावेतच बसायचे. मचाणावर कोणी नाही.

उत्तरेकडे परतण्याचा बेत त्यात नाही. दुपारच्या वायव्येच्या वाऱ्याविरुद्ध टोकबदल करत वर जायला वेळ फार लागतो आणि सकाळच्या मतलईचे तास थोडे असतात. वेंगुर्ल्याला नौका सुटी करून तिन्ही तुकडे आणि उलांडी पिकअपवर बांधायची आणि आंबोली घाटाने कोल्हापूरला आणायची, असे ठरले आहे. उलांडीच्या नव्या कप्प्याचे सांधे वाहतुकीत घासू नयेत म्हणून मामांनी लेथशेजारीच तिच्यासाठी लाकडी खोबणी तयार केली आहे.